कृती माझी, कारण कोणाचे? (संकल्पस्वातंत्र्य आणि कार्यकारणाचे सिद्धांत)

शब्दवेधी (धागाकर्ता)

संकल्पस्वातंत्र्याचा (आपली कृती आपण स्वतः ठरवतो का, याचा) विषय निघाला की एक वाक्य हमखास येते: "प्रत्येक घटनेला कारण असते, म्हणून आपण स्वतंत्र नाही." हा धागा त्या 'म्हणून'साठी आहे. पहिल्या विधानातून दुसरे निघायला मध्ये आणखी दोन-तीन विधाने लागतात, आणि 'कारण' म्हणजे तुम्ही काय समजता यावर ती खरी की खोटी हे ठरते.

आधी तीन शब्द वेगळे करू, कारण गोंधळ इथूनच सुरू होतो.

कार्यकारणतत्त्व: प्रत्येक घटनेला काही ना काही कारण असते.

नियतत्ववाद: एका क्षणाची जगाची संपूर्ण स्थिती आणि निसर्गनियम दिले की पुढच्या प्रत्येक क्षणाची एकच एक स्थिती निघते. या व्याख्येत 'कारण' हा शब्दच नाही, हे मुद्दाम पाहा.

नियतिवाद: मक्खली गोशालाच्या आजीवकांचे (बुद्धकाळातल्या एका पंथाचे) मत. तुम्ही काहीही करा, व्हायचे ते होणारच. इथे प्रयत्न वाया जातो. नियतत्ववादात तो वाया जात नाही, तोही साखळीतलाच दुवा असतो. अभ्यास केला म्हणून पास झालो, हे नियतत्ववाद्यालाही मान्य आहे.

पहिल्यातून दुसरे निघत नाही, हे एलिझाबेथ अ‍ॅन्सकम हिने १९७१ साली केंब्रिजमधल्या आपल्या प्राध्यापकीय व्याख्यानात नेमके मांडले. कार्य कारणापासून उपजते. ते कारणामुळे अटळ होते, ही वेगळी गोष्ट आहे आणि ती वेगळी सिद्ध करावी लागते. रोग्याच्या संसर्गामुळे मला ताप आला असे आपण बिनदिक्कत म्हणतो. संसर्ग झालेल्या प्रत्येकाला ताप येतोच असे त्यासाठी मानावे लागत नाही.

आता स्वातंत्र्याविरुद्धचा सगळ्यात घट्ट युक्तिवाद. पीटर व्हॅन इनवेगन याने १९८३ साली तो तपशिलात मांडला:

१. दूरचा भूतकाळ (समजा मनुष्यजात येण्यापूर्वीचा) माझ्या हातात नाही.
२. निसर्गनियम माझ्या हातात नाहीत.
३. नियतत्ववाद खरा असेल तर तो भूतकाळ आणि ते नियम मिळून माझी आजची कृती तर्काने निघते.
४. म्हणून माझी आजची कृती माझ्या हातात नाही.

यात एक अनुमाननियम दडला आहे. 'प' माझ्या हातात नाही. 'प असेल तर फ' हेही माझ्या हातात नाही. म्हणून 'फ' माझ्या हातात नाही. व्हॅन इनवेगन त्याला 'बीटा' म्हणतो. युक्तिवाद तुटत असेल तर विधान १, विधान २ किंवा बीटा, या तिघांपैकी एका जागीच तुटेल. 'मला तर स्वतंत्र वाटते' एवढ्याने तो तुटत नाही, तेव्हा प्रतिसादात नेमकी जागा सांगा.

---

अनुमिती

बीटा जसाच्या तसा टिकत नाही. १९९६ साली मॅके आणि जॉन्सन यांनी दिलेले प्रत्युदाहरण एका नाण्याचे आहे.

माझ्याकडे नाणे आहे, मी ते उडवू शकते, पण उडवत नाही. 'छापा पडला नाही' हे खरे आहे. ते माझ्या हातात होते का? नाही, कारण उडवले असते तरी छापाच पाडणे माझ्या हातचे नव्हते. 'काटा पडला नाही' हेही तसेच. आता दोन्ही एकत्र घ्या: 'छापाही पडला नाही आणि काटाही नाही.' हे मात्र पूर्णपणे माझ्या हातात होते. नाणे उडवले असते तर दोन्हींपैकी एक पडलेच असते. पण बीटा, आणि 'तर्काने अनिवार्य असलेले काहीही माझ्या हातात नसते' हा त्याचा जोडनियम, हे दोन्ही मानले तर 'प हातात नाही, फ हातात नाही, म्हणून प आणि फ मिळूनही हातात नाही' असे निघते. नाण्याने ते खोटे ठरवले.

व्हॅन इनवेगनने हे मान्य केले, हा त्याचा मोठेपणा. मग त्याने 'हातात नाही'चा अर्थ कडक केला: मला जे जे करणे शक्य होते त्यातले काहीही केले असते तरी प खरेच राहिले असते. या अर्थाने 'छापा पडला नाही' हे आता हाताबाहेरचे ठरत नाही, कारण उडवल्यावर छापा पडूही शकला असता. नाण्याची अडचण गेली, युक्तिवाद पुन्हा उभा राहिला. म्हणून बीटावर हल्ला करून लढाई जिंकली असे मी म्हणणार नाही. खरा वाद विधान २ वर आहे.

---

दीपशिखा

विधान २ घेते.

'नियम हातात नाहीत' हे ऐकताना डोळ्यांसमोर हुकूमनामा येतो: वरून आज्ञा आली, खालच्यांनी पाळली. ह्यूमच्या परंपरेत (१७३९ पासून पुढे) नियम म्हणजे जमाखर्चाची वही. जे जे घडले, घडते आहे आणि घडणार आहे त्या सगळ्याची अत्यंत आटोपशीर नोंद. वहीत आहे म्हणून खर्च होत नाही, खर्च होतो म्हणून वहीत येतो. माझ्या उद्याच्या कृतीही त्याच वहीच्या नोंदी आहेत. मग नियमांनी मला बांधले असे म्हणताच येत नाही. बीबी आणि मेली या तत्त्वज्ञांनी २००२ साली हा मार्ग स्पष्ट मांडला.

डेव्हिड लुईसचे १९८१ चे उत्तर थोडे वेगळे आहे आणि त्यात एक बारकावा आहे जो बहुतेक वेळा निसटतो. मी आत्ता हात उचलला नाही. उचलला असता तर? नियतत्ववाद खरा असेल तर किंचित आधी कुठेतरी एखादा नियम मोडलेला असता. आता दोन दावे वेगळे करा:

दुबळा दावा: मी असे काही करू शकते की ते केले असते तर एखादा नियम मोडलेला असता.
सबळ दावा: मी नियम मोडू शकते. म्हणजे माझी कृतीच नियमभंग असेल किंवा नियमभंग घडवून आणेल.

सबळ दावा वेड्यासारखा आहे, पण स्वातंत्र्याला दुबळा पुरतो. हात उचलणे हा काही नियमभंग नाही. भंग झालाच असता तर आधी झाला असता, आणि तो माझ्या हाताने केलेला नसता. लुईसच्या मते व्हॅन इनवेगन दुबळ्या दाव्यावर सबळ दाव्याचा मूर्खपणा लादतो.

या मार्गाची किंमतही सांगायला हवी. ह्यूमचे कारण कशालाच भाग पाडत नाही, म्हणून भूतकाळ मला भाग पाडत नाही. ठीक. पण मग माझा संकल्पही माझ्या हाताला उचलत नाही. संकल्प आधी, हात नंतर, आणि असे नेहमी होते, एवढेच उरते. ज्या दाराने सक्ती बाहेर गेली त्याच दाराने कर्तेपणही गेले.

---

कुंभकार

दीपशिखाताईंच्या शेवटच्या परिच्छेदावर थांबायला हवे, कारण कर्तेपण परत आणायचे म्हणून तर 'कर्ता हेच कारण' हा सिद्धांत आला. रॉडरिक चिझम, १९६४: घटना घटनेला घडवते ते एक, आणि माणूस स्वतः घटनेला घडवतो ते दुसरे. स्वतंत्र कृतीत दुसरे. माणूस हे द्रव्य (टिकून राहणारी वस्तू) आहे, घटना नाही, म्हणून त्याच्या मागे 'याला काय कारण?' असा प्रश्न लागू पडत नाही.

यावरचा प्राणघातक आक्षेप चिझमच्या तीस वर्षे आधीच सी. डी. ब्रॉडने घेऊन ठेवला होता. घटनेला ठरावीक वेळ असते. दुपारी बाराला हात उचलला गेला. त्याचे कारण 'मी'. पण मी तर अकरालाही होतो आणि एकलाही. सतत हजर असलेल्या गोष्टीमुळे कार्य बारालाच का झाले? बाराला माझ्यात काही बदल झाला म्हणावे तर तो बदल ही घटना, आणि कारणाची जागा ती घेते.

इथे न्यायदर्शनाची (तर्कावर भर देणारे भारतीय दर्शन; त्याचे अनुयायी ते नैयायिक) कारणमीमांसा मला फार उपयोगी वाटते, आणि ती या वादात जवळपास कोणी आणत नाही. न्यायाची कारणे तीन प्रकारची. कापडाचे उदाहरण: तंतू हे समवायी कारण (कार्य ज्यात राहते ते द्रव्य), तंतूंचा संयोग हे असमवायी, विणकर आणि माग ही निमित्त. आता हेच कृतीला लावा. नैयायिकांची साखळी अशी: ज्ञान, मग इच्छा, मग कृती (म्हणजे आतला प्रयत्न), मग चेष्टा (शरीराची हालचाल). प्रयत्नाचे समवायी कारण आत्मा, असमवायी कारण आत्मा आणि मन यांचा संयोग, आणि इच्छा वगैरे निमित्त.

ब्रॉडचा आक्षेप इथे विरघळतो. आत्मा द्रव्य म्हणून खरोखर कारण आहे, अलंकार म्हणून नव्हे. तो सतत हजर असला तरी हरकत नाही, कारण 'बारालाच का' याचे उत्तर समवायी कारणाने द्यायचेच नसते. ते असमवायी आणि निमित्त कारणे देतात. तंतूही विणायच्या आधीपासून असतातच की.

प्रयत्न सुरू व्हायला लागणारी ज्ञाने नैयायिक मोजून सांगतात. एक, हे माझ्या प्रयत्नाने साध्य आहे. दोन, हे मला हव्या असलेल्या गोष्टीचे साधन आहे. तीन, यातून त्याहून मोठे अनिष्ट उद्भवणार नाही. पहिले नसेल तर माणूस चंद्र आणायला निघत नाही, दुसरे नसेल तर वाळू गाळत बसत नाही, तिसरे नसेल तर विष कालवलेले गोड अन्न खात नाही. माणूस न वागण्याची ही तीन निदाने आजच्या कोणत्याही कृतिसिद्धांताला उसनी घेता येतील.

---

शब्दवेधी

कुंभकार, मांडणी सुंदर आहे, पण वेळ जर निमित्तांनी ठरवली आणि दिशा इच्छेने, तर आत्म्याने काय केले? तो नुसता आधार उरला. चिझमला हवा होता तो सुरुवात करणारा कर्ता. आणि पाणिनी तर 'स्वतन्त्रः कर्ता' (१.४.५४) म्हणतो.

---

कुंभकार

पहिला प्रश्न रास्त आहे आणि तो मान्य करतो. न्यायाने ब्रॉडचे उत्तर मिळते, चिझमचे स्वातंत्र्य मिळत नाही. दोन्ही एका दमात मागणे हीच चिझमची चूक होती असे माझे मत आहे.

पाणिनीचे सूत्र मात्र या वादात जपून वापरा. व्याकरणातला स्वतंत्र म्हणजे त्या क्रियेपुरता इतर कारकांवर प्रधान. 'स्थाली पचति', भांडे शिजवते, असेही म्हणता येते आणि तिथे भांडे कर्ता होते. कोणाला प्रधान म्हणायचे ते बोलणाऱ्याच्या विवक्षेवर (त्याला काय सांगायचे आहे त्यावर). भांड्याला संकल्पस्वातंत्र्य आहे असे कोणी म्हणणार नाही. खरे मोलाचे आहे ते लगेच पुढचे सूत्र, 'तत्प्रयोजको हेतुश्च' (१.४.५५): कर्त्याला प्रवृत्त करणारा तो हेतू, आणि त्यातल्या 'च'मुळे तोही कर्ता. देवदत्त यज्ञदत्ताकडून भात शिजवून घेतो. प्रयोजक आला तरी शिजवणाऱ्याचे कर्तेपण पुसले जात नाही. माझ्या कृतीला मागून कोणी कारण असणे आणि ती माझी कृती असणे यांत विरोध नाही, हे भाषेने फार पूर्वी मान्य केले आहे.

---

अमात्य

कायद्यात हाच प्रश्न रोज सोडवावा लागतो, म्हणून तिथली यंत्रणा सांगतो.

हार्ट आणि ऑनोरे यांनी १९५९ साली 'कॉमन लॉ'चे (इंग्लंडमध्ये निकालांतून घडलेल्या कायद्याचे) तत्त्व असे मांडले: दुसऱ्या माणसाची मुक्त, हेतुपुरस्सर आणि पूर्ण माहितीनिशी केलेली कृती मध्ये आली की कारणाची साखळी तिथे तुटते. तिन्ही अटी लागतात. धाक असेल तर 'मुक्त' नाही, लहान मूल असेल तर 'माहितीनिशी' नाही, दचकून झालेली हालचाल असेल तर 'हेतुपुरस्सर' नाही. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने) २००७ च्या केनेडी खटल्यात हेच लावले. एकाने हेरॉइनची सिरिंज भरून दिली, दुसऱ्या सज्ञान माणसाने ती स्वतः टोचून घेतली आणि तो दगावला. देणाऱ्याने मृत्यू 'घडवला' नाही, असा निर्णय झाला.

आपल्याकडे महत्त्वाचा खटला कुर्बान हुसेन रंगवाला विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालय, १९६५. मुंबईतला रंगाचा कारखाना. ज्या खोलीत वॉर्निश आणि टर्पेंटाइन साठवले होते तिथेच पेटते बर्नर वापरू दिले गेले. एका कामगाराने वितळलेली राळ पुरेशी निवण्याआधी तीत घाईने टर्पेंटाइन ओतले, आग लागली, सात कामगार गेले. मालकाच्या बाजूची व्यक्ती जुन्या दंडसंहितेच्या कलम ३०४-अ (निष्काळजीपणाने मृत्यू घडवणे) खाली दोषी का? न्यायालयाने नाही म्हटले. बर्नर तिथे असणे ही मृत्यूसाठी आवश्यक अट होती, पण निकटचे आणि कार्यक्षम कारण टर्पेंटाइन ओतणे हे होते. आधार घेतला मुंबई उच्च न्यायालयाच्या १९०२ च्या निकालाचा: 'ज्याच्याशिवाय झाले नसते' ते पुरेसे नाही, 'ज्याने घडवले' ते हवे, आणि मध्ये दुसऱ्याचा निष्काळजीपणा आलेला नसावा.

इथे एक विसंगती आहे जी माझ्या मते खटकायलाच हवी. कामगाराची कृती घाईची होती. आग लावायची म्हणून त्याने ओतले नव्हते. हार्ट-ऑनोरेंच्या तीन अटी लावल्या तर ती हेतुपुरस्सर नाही, माहितीनिशीही नाही, म्हणजे साखळी तुटायला नको होती. न्यायालयाने 'स्वतंत्र कृती मध्ये आली' हा निकष लावलाच नाही, 'जवळचे कारण कोणते' हा लावला. दोन्ही निकष वेगळे आहेत आणि वकिलीत सर्रास एकच समजले जातात. निकट असणे हे अंतराचे माप आहे, स्वातंत्र्य हे कृतीच्या जातीचे.

कुंभकारांच्या प्रयोजकालाही कायद्यात वेगळी खोली आहे: अपप्रेरणा, जुन्या दंडसंहितेचे कलम १०७, भारतीय न्याय संहितेचे ४५. चिथावणारा गुन्हा 'घडवत' नाही, दुसऱ्याला करायला लावतो. म्हणून त्याच्यासाठी वेगळे कलम लागते.

---

अनुमिती

'ज्याच्याशिवाय झाले नसते' ही कसोटी कुठे फसते ते सांगते, कारण स्वातंत्र्याच्या वादातली एक प्रसिद्ध गाठ त्यातच सुटते.

दोन मारेकरी. पहिल्याने गोळी झाडली. त्याने झाडली नसती तर दुसरा तयारच होता. पहिल्याशिवायही मृत्यू झाला असता, म्हणून कसोटीप्रमाणे पहिली गोळी कारण नाही. हे उघड चूक आहे. लुईसने १९७३ च्या आपल्या सिद्धांतात यासाठीच मधल्या टप्प्यांची साखळी आणली: गोळी आणि मृत्यू यांच्यामधला प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर अवलंबून आहे का ते पाहायचे.

आता हॅरी फ्रँकफर्टच्या १९६९ च्या धर्तीवरचे उदाहरण घ्या. मी मत देताना 'अ'ला देणार आहे. माझ्या मेंदूवर एक जण लक्ष ठेवून आहे. मी 'ब'कडे वळू लागले तर तो हस्तक्षेप करून मला 'अ'लाच मत द्यायला लावील. मी आपणहून 'अ'ला दिले, त्याने काहीच केले नाही. दुसरे काही करणे मला शक्य नव्हते, तरी जबाबदारी माझीच.

दोन उदाहरणे शेजारी ठेवा. रचना तंतोतंत एकच आहे: एक खरे कारण, मागे एक न वापरलेले राखीव कारण. 'दुसरे काही करता आले असते का' ही स्वातंत्र्याची कसोटी आणि 'याच्याशिवाय झाले नसते का' ही कारणाची कसोटी एकाच जागी फसतात. म्हणून दुरुस्तीही एकच: काय होऊ शकले असते ते सोडून प्रत्यक्ष कार्य कोणत्या मार्गाने आले ते पाहा.

---

दीपशिखा

पण प्रत्यक्ष मार्गही पुरेसा नाही. डेव्हिडसनने १९६३ मध्ये 'हेतू हीच कृतीची कारणे' असे मांडले आणि १९७३ मध्ये स्वतःच त्यातली फट दाखवली. गिर्यारोहकाने दोरावर दुसऱ्याला धरले आहे. दोर सोडला तर ओझे आणि धोका दोन्ही टळतील, हा विचार मनात येतो. त्या विचारानेच तो इतका हादरतो की हात सैल पडतो आणि दोर सुटतो. इच्छा होती, इच्छेमुळेच दोर सुटला, पण त्याने दोर 'सोडला' नाही. डेव्हिडसनने कबूल केले की योग्य मार्ग कोणता हे त्याला शब्दांत बांधता येत नाही.

फ्रँकफर्टची १९७८ ची सूचना मला सगळ्यात कामाची वाटते: सुरुवातीला काय होते ते सोडा, हालचाल चालू असताना ती कर्त्याच्या ताब्यात आहे का ते पाहा. वाटेत अडथळा आला असता तर ती जुळवून घेतली गेली असती का? हादरलेला हात जुळवून घेत नाही.

---

नाडीपरीक्षा

मेंदूशास्त्रज्ञ लिबेटचा प्रयोग (१९८३) अजून कोणी आणला नाही, पण तो येणारच, म्हणून आकड्यांसह देतो. मनाला येईल तेव्हा मनगट किंवा बोट हलवायचे. समोर घड्याळासारख्या तबकडीवर ठिपका २.५६ सेकंदांत एक फेरी घेतो. 'हलवावेसे वाटले' तेव्हा ठिपका कुठे होता ते सांगायचे. अशा सुमारे ४० आवृत्त्यांची सरासरी. मेंदूतला पूर्वतयारीचा विभव (विद्युत संकेत) हालचालीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी सुरू, इच्छेची जाणीव सुमारे २०० मिलिसेकंद आधी. निष्कर्ष म्हणून सांगितले गेले ते: निर्णय मेंदूने आधीच घेतला होता.

घसरते कुठे? सरासरी काढताना हालचालीपासून मागे मोजतात. ज्या वेळी विभव चढला पण हालचाल झाली नाही त्या नोंदी सरासरीत येतच नाहीत. २०१२ मध्ये शर्गर, सिट आणि देहान यांनी दाखवले की आपोआप वरखाली होणारा मेंदूतला गोंगाट एका उंबरठ्याला भिडल्यावर हालचाल होते असे मानले तरी सरासरीत तसाच चढ दिसतो. तेव्हा ५५० मिलिसेकंदांवर 'निर्णय' नसून योगायोगाने चढत गेलेली पातळी असू शकते. शिवाय कारण न देता बोट हलवणे ही कुंभकारांच्या तीन ज्ञानांतले दुसरे मुद्दाम काढून टाकलेली कृती आहे. तिच्यावरून विचारपूर्वक कृतीविषयी बोलणे धाडसाचे.

माझी खरी अडचण वेगळी आहे. मेंदूतली घटना पुरेशी असेल तर इच्छेला काम काय उरते? न्यायदर्शनाच्या भाषेत ती अन्यथासिद्ध (हजर, पण जिच्याशिवाय काम भागते अशी) ठरत नाही का?

---

कुंभकार

फार नेमका प्रश्न. घटाचे उदाहरण घेऊ. दंड (चाक फिरवायची काठी) हे कारण. पण काठीचा रंग, आकाश, कुंभाराचा बाप, माती आणणारे गाढव ही आधी हजर असूनही अन्यथासिद्ध, म्हणजे त्यांच्याशिवाय काम भागते. तत्त्वज्ञ जॅग्वॉन किमचा आक्षेप असा की इच्छा ही काठीच्या रंगासारखी आहे.

मला उलटे वाटते. काठी कारण आहे ती दंडत्वामुळे, रंगामुळे नाही. दंडत्व हे कारणतेचे अवच्छेदक, म्हणजे कारणपणाची सीमा आखणारा धर्म. काळी काठी बदलून पिवळी घ्या, घट होतोच. आता माझा 'हात उचलायचा' हा संकल्प मेंदूतल्या एका विशिष्ट पेशीरचनेत उतरला आहे. ती रचना किंचित वेगळी असती, संकल्प तोच असता, तर हात उचललाच गेला असता. रचना तशीच ठेवून संकल्प बदलणे मात्र शक्य नाही, आणि संकल्प बदलला तर हात उठत नाही. म्हणजे बदलूनही चालणारी ती पेशीरचना हा रंग, आणि संकल्प हे दंडत्व. स्टीफन याब्लोने १९९२ मध्ये लाल रंगावर टोच मारायला शिकवलेल्या कबुतराचे उदाहरण दिले ते याच अंगाने. समोरचा तुकडा शेंदरी आहे, पण कबूतर टोचते ते तो लाल आहे म्हणून.

एक कबुली: दंडत्व स्वतः स्वतंत्र कारण नसते, नैयायिक त्यालाही अन्यथासिद्धच धरतात. तेव्हा यातून 'इच्छा ही मेंदूहून वेगळी शक्ती' असे निघत नाही. मेंदूतली घटना कोणत्या रूपाने कारण आहे, एवढेच निघते.

---

नाडीपरीक्षा

एवढे मला पुरते. वेगळी शक्ती मी मागतच नव्हतो.

अमात्य, एक राहिले. रंगवाला खटल्यात मग आरोपी पूर्ण सुटला का?

---

अमात्य

नाही. ३०४-अ खालची शिक्षा रद्द झाली, पण कलम २८५ (आग किंवा ज्वालाग्राही पदार्थांबाबत निष्काळजी वर्तन) खालचा दोष कायम राहिला. त्या कलमात मृत्यू 'घडवणे' सिद्ध करावे लागत नाही, धोका वाटावा असे वर्तन पुरते. कारणाचा प्रश्न न्यायालयाने तिथे उघडलाच नाही, कारण गुन्ह्याच्या व्याख्येत तो नव्हता. नव्या संहितेत ही कलमे अनुक्रमे १०६(१) आणि २८७ आहेत.